छपराची गादी

माझ्या सासऱ्यांना कापसाबद्दल कोणी काही सांगू शकत नव्हतं, आणि दुसऱ्या कशाबद्दल सांगायला गेलं तर ते त्यातही कापूस शोधून काढत. पांढुर्ण्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, त्यांचं आयुष्य गेलं. हंगाम सुरू झाला की सौसरहून तिकडे जायचे, जिनाच्या आवारातच राहायचे, आणि हंगाम संपला की भुवयांत अडकलेली रुई घेऊन घरी यायचे. कोणाच्याही घरी गेले की आधी गादीत हात घालत. डोळे मिटून बोटं चाळवत आणि मग निकाल देत. काळ्या रानातला कापूस आहे, पिंजणारा घाईत होता, भरणारीने कोपरे चोरले. चहा त्यानंतर.

माझ्या लग्नातही त्यांनी हेच केलं. मी रामाकोन्याची. माहेरून आलेल्या रजईत त्यांनी सगळ्या बायकांसमोर हात घातला, डोळे मिटले आणि म्हणाले, "सरकी राह्यली याच्यात. रामाकोन्यात पिंजारी नाई का वं?"

नवी नवरी म्हणून मी मान खाली घालून बसले होते. तशीच बसून राहिले असते तर फार शोभलं असतं. पण मला राहवलं नाही.

"पिंजारी हाय मामाजी," मी खालच्या मानेनंच म्हटलं. "त्याले सांगून ठेवलं होतं, थोडी सरकी राहू दे म्हनून. सौसरची म्हैस दूध देत नाई म्हनते, तिले चाराले होईन."

मांडव गार पडला. माझ्या आईने पदर तोंडात कोंबला. आणि सासरे, जे दंडारीत वीस गावांसमोर राणी होऊन नाचले होते आणि ज्यांना टाळी कुठे पडते हे बरोबर कळायचं, ते एक क्षण थांबले आणि मग असे हसले की त्यांचा फेटा सुटला. दंडार म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, त्यात बायकांची सोंगं पुरुषच काढतात. "सून पाहाले गेलो होतो," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "जोडीदार भेटला."

त्या दिवसापासून आमची जोडी. सासूबाई आधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. नवरा कमी बोलणारा. कोणीतरी ऐकणारं लागतं ना.

घर त्यांनी स्वतः बांधलं होतं. विटांच्या भिंती, वर टिनं. मधली खोली त्यांची. तिथं बाज, बाजेवर गादी, गादीवर ते, आणि दुपारी जेवणं झाली की दारातून एकेक माणूस आत येऊन भिंतीला टेकून बसायचा. निवृत्त पोस्टमन, शेजारची विधवा काकू, सायकल दुरुस्तीवाला. सासरे गोष्ट सांगायचे. जिनातली, दंडारीतली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावच्या मधल्या नदीत चालणाऱ्या दगडफेकीची. तीच गोष्ट दरवेळी थोडी लांबायची. मी चुलीपाशी बसून मधूनच एखादा शब्द टाकायची, आणि ते तो झेलून पुढं जायचे. माणसं हसायची. मला वाटतं ते त्या आवाजावरच जगत होते.

पण उन्हाळ्यात त्या खोलीत बसणं म्हणजे तव्याखाली बसणं होतं. आमच्याकडे लोक टिनावर पऱ्हाट्या पसरतात, कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या त्या काड्या. त्यावर पाणी शिंपडतात. पण उन्हाळ्यात पाणी प्यायलाच पुरत नव्हतं, टिनाला कुठून पाजणार. एका वैशाखात सासरे गोष्ट सांगता सांगता थांबले. सगळ्यांना वाटलं, हे नेहमीचं थांबणं आहे, आता काहीतरी भारी येणार. सगळे पुढे सरकले. ते बाजेवरून कोसळून खाली आले तेव्हा कळलं की ऊन लागलं.

दवाखान्यात सलाईन लागलं. नागपूरहून माझे भासरे आले, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. सरकारी नोकरी, स्वतःचं स्लॅबचं घर, खिडकीत कूलर. चांगला माणूस. सफारीची घडी मोडू नये म्हणून खुर्चीवर काठावर बसायचा, पण चांगला. त्यांनी बापाचा हात हातात घेतला आणि सांगितलं, "बाबा, तुम्ही आता माझ्याकडे राहायचं."

"मी नाई जात."

"या टिनाखाली मरून जाल."

"मंग अठीच मरतो. तिथं मले ओळखते कोण? तुया कॉलनीत शेजारी बेल वाजवून येते म्हनते."

बाप लेक बराच वेळ भांडले. शेवटी भासऱ्यांनी धाकट्या भावाला बाहेर बोलावलं. मी दाराआड होतेच. "पुढच्या उन्हाळ्याच्या आत या छपराचं काही कर," ते म्हणाले. "नाहीतर मी कोणाचं ऐकणार नाही. उचलून घेऊन जाईन."

सासऱ्यांनी ते ऐकलं होतं. दवाखान्याच्या खाटेवरून त्यांनी मला डोळा मारला, पण तोंड पांढरं झालं होतं.

माझा नवरा तेव्हा बोरगावला एका नव्या कारखान्यात होता. तिथं वाफेच्या नळ्या बसवण्याचं काम चाललं होतं. त्या नळ्यांना पिवळी लोकर गुंडाळायचे. काचेची लोकर. काच वितळवून तिचे केसासारखे तंतू काढतात आणि त्यांची जाड पट्टी करतात, असं ते घरी येऊन सांगत. नळीच्या आत वाफ उकळत असते आणि लोकरीवर हात ठेवला तर कोमटसुद्धा लागत नाही. आत गरम आहे ते बाहेर येत नाही, तर बाहेरचं आत तरी कसं जाईल, हा विचार त्यांच्या डोक्यात आला आणि त्यांनी तो महिनाभर कोणाला सांगितला नाही. असा माणूस. काम संपताना तुकडे उरले, ते फेकणारच होते. साहेबाला विचारून त्यांनी ते बैलगाडीत भरून आणले. सोबत लोकर गुंडाळणारा भिलाईचा मिस्त्री आला, सुटीच्या दिवशी, आमच्याकडे कोंबडी खायच्या बोलीवर.

गल्ली जमली. मऊ, पिवळं, हलकं, चमकणारं असं काहीतरी गाडीतून उतरत होतं. सासऱ्यांनी काय केलं असेल ते सांगायला नको. ते पुढे झाले, डोळे मिटले आणि हात घातला.

"चावते," ते म्हणाले.

"काका, हात लावू नका," मिस्त्री म्हणाला. "काच आहे ती."

"काच कशी राहीन? रुई हाय. फक्त पिंजली नाई नीट, म्हनून चावते." आणि हात धोतराला पुसून, खाजवायचं नाही असं ठरवून, ते तसेच ताठ उभे राहिले. मला त्यांच्या मानेवरची शीर दिसत होती.

टिनाखाली लाकडी पट्ट्या ठोकल्या. त्यावर तारेची जाळी, जाळीवर लोकर, आणि खालून जिनातल्या बारदानाचं छत शिवून लावलं, वर चुना मारला. मिस्त्रीने तोंडाला फडकं बांधलं होतं, हातात मोजे. जाताना कोंबडीचा रस्सा पुसत त्याने सांगितलं, "आता ही विसरून जायची. काढायची नाही, झटकायची नाही, ओली होऊ द्यायची नाही. वर आहे हेच आठवायचं नाही."

"उन्हात कधी टाकाची?" सासऱ्यांनी विचारलं.

"कधीच नाही."

"वर्षातून एकडाव तरी?"

"नाही काका."

सासरे माझ्याकडे वळले. जन्मात एकदाही उन्हात जात नाही अशी गादी त्यांनी ऐकली नव्हती. "हे कसली गादी बापा," ते म्हणाले. तिथून तिचं नाव छपराची गादी पडलं.

पण तो उन्हाळा. तो उन्हाळा मी अजून विसरले नाही. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं, कुत्री गटारात बसायची, आणि मधल्या खोलीत सासरे गादीवर मांडी घालून बसलेले, बनियन कोरडी. फार थंड नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण बसवत होतं. माणूस तोंडातून शब्द काढू शकत होता. बातमी पसरली आणि नेहमीच्या मंडळींत नवी भर पडली. काही लोक छत पाहायला यायचे आणि गोष्ट ऐकून जायचे. एका दुपारी सायकलवाल्याने विचारलं, "पन बाबूजी, हे काम कसं करते?"

सासऱ्यांनी वर पाहिलं. आता येणार, मी मनात म्हटलं.

"ऊन येते," ते म्हणाले. "टिनात शिरते. मोठ्या तोऱ्यात खाली याले पाह्यते. मधात काच. काचीत त्याले आपलं तोंड दिसते. म्हनते, अरे, असं दिसून राहिलो का मी? अन् लाजून वापस जाते." असं म्हणताना त्यांनी स्वतः ऊन होऊन पदर घेतला, तोंड पाहिलं आणि लाजले. त्या वयात, तसल्या मिशांसकट. काकू हसून हसून भिंतीवरून घसरली.

भासरे परीक्षा घ्यायला आले. भर दुपारी, मुद्दाम. खोलीत बसले, रुमाल काढला, कपाळ पुसलं, रुमाल पाहिला. पुन्हा पुसलं. मग रुमाल खिशात ठेवून म्हणाले, "ठीक आहे." सासऱ्यांनी विजयाचा एक शब्द काढला नाही. फक्त भासऱ्यांना दुसऱ्यांदा भात वाढायला मला सांगितलं, आणि ते स्टेशनकडे निघाले तेव्हा छोट्या गाडीपर्यंत, म्हणजे नॅरोगेजच्या आगगाडीपर्यंत, पोचवायला स्वतः गेले, उन्हात, डोक्यावर काही न घेता.

पावसाळ्यात टिनाचे खिळे गळले. दरवर्षी गळायचेच, खाली भांडी ठेवायचो. यंदा भांड्यात थेंब पडला नाही, आम्हाला वाटलं टिन सुधारलं. पाणी लोकर पीत होती. भादव्यात बारदानाच्या छताला पोट आलं. दसऱ्यापर्यंत ते बाजेवरच्या माणसाच्या डोक्याला टेकू पाहत होतं, आणि खोलीला ओल्या पोत्याचा वास.

सासरे आडवे पडून ते पोट पाहत राहायचे. "दबली," ते म्हणायचे. "दबली वं. गादी दबली की गरमी धरते."

आता आमच्याकडे दिवाळीच्या आधी काय करतात ते सांगते. घरातली प्रत्येक गादी, रजई, उशी उन्हात निघते. बाजेवर टाकून काठीने झोडपतात. दबलेली रुई मोकळी होते, फुगते, उन्हाचा वास धरते. फारच दबली असेल तर पिंजाऱ्याला बोलावतात. ज्या घरात गाद्या उन्हात दिसत नाहीत त्या घरच्या बाईचं नाव गल्लीत निघतं. तेव्हा सगळ्या गाद्या काढल्या आणि छपराची तेवढी ठेवली, असं कसं चालणार? आम्हा सगळ्यांना हेच पटलं. मलाही, काकूलाही. मिस्त्री कोण? भिलाईचा. त्याच्याकडे कापूस पिकतो का?

नवरा बोरगावला कामावर गेला होता. सासऱ्यांनी पांढुर्ण्याहून आपला जुना दोस्त पिंजारी बोलावला. तो बसच्या टपावर आपली माणसाएवढी पिंजायची कमान टाकून आला, खाली उतरताना ती कमान एका फुगेवाल्याच्या काठीत अडकवून, शिव्या खाऊन, खूष होऊन. दोघं म्हातारे अंगणात गळ्यात गळा घालून हसले.

बारदानाची शिवण उसवली. ओली लोकर धबधब्यासारखी खाली आली. आम्ही ती अंगणात बाजांवर पसरली, उन्हात वाळू दिली, आणि दुपारी काठ्या घेतल्या. मी, काकू, सायकलवाल्याची बायको, आणि सासरे मधे उभे राहून हुकूम देत. "कोपऱ्यातून घे. आता मधात. अशी नाई वं, मोकळ्या हातानं. आपल्या नवऱ्याचा राग काढ." आम्ही हसत झोडपत होतो. आणि खरंच सांगते, असं सुंदर काही मी कधी पाहिलं नाही. दर फटक्याला पिवळा धुरळा उठायचा आणि उन्हात चमकायचा. अंगण सोन्याचं झालं होतं. सासरे त्या धुरळ्यात उभे होते, तोंड वर करून, जिनातल्यासारखे.

मग काकूने दंड खाजवला. मग मी मान. मग सगळ्यांनी सगळं. खाजकुयरीच्या जंगलात लोळल्यासारखं. सायकलवाल्याची बायको पाठ भिंतीला घासत काकूला म्हणाली, "आत्या, मले कुठं खाजवते ते सांगता येत नाई, तुम्ही अंदाजानं खाजवा."

तिकडे पिंजाऱ्याने कमान टांगली होती. तातीवर, म्हणजे कमानीच्या दोरीवर, लाकडी मोगरी मारली, तुंग. लोकर उडाली आणि खाली आली ती भुकटी होऊन. पुन्हा तुंग. पुन्हा भुकटी. त्याने कमान खाली ठेवली, डोळे चोळले, आणि ते चोळणंही चुकलं. "भाई," तो लाल डोळ्यांनी सासऱ्यांना म्हणाला, "ये रुई नहीं है. ये मिरची है. तू मेरे से कौनसे जनम का बदला लेके राहिला?"

सासरे हसले नाहीत. त्यांनी वाकून मूठभर उचललं, डोळे मिटले आणि बोटं चाळवली. बराच वेळ चाळवली. कापूस झोडपला की फुगतो. हे झोडपलं तसं मेलं होतं.

संध्याकाळी नवरा आला. फाटकात उभं राहून त्यांनी अंगण पाहिलं. बाजांवर गोळे, जमिनीवर पिवळी माती, ओट्यावर आम्ही तिघी अंगाला खोबरेल फासून बसलेल्या. फक्त विचारलं, "सगळी?"

"सगळी," सासरे म्हणाले.

त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि झाडू घेतला.

पण गोष्ट अजून संपली नव्हती. आम्ही ते कपडे धुतले, आणि धुताना शहाण्या बायकांसारखे घरातले बाकीचे कपडेही त्याच पाण्यातून काढले. दिवाळीला भासरे सहकुटुंब आले. अंघोळ करून त्यांनी दोरीवरची स्वच्छ, कडक वाळलेली लुंगी घातली आणि दिवाणखान्यात, म्हणजे आमच्या ओसरीत, पाहुण्यांसमोर खुर्चीच्या काठावर बसले. आधी त्यांनी एक मांडी हलवली. मग दुसरी. बोलता बोलता थांबले. नागपूरच्या एका मोठ्या साहेबांविषयी काही सांगत होते, त्या साहेबांचं पुढे काय झालं ते आजवर कोणाला कळलं नाही. खुर्चीवरून उठले आणि एवढा सभ्य माणूस, ज्याला मी कधी घाईत पाहिलं नव्हतं, तो विहिरीकडे असा धावला की वाटेत कोंबड्या झाडावर चढल्या.

हा किस्सा मी लग्नांत, बारशांत, बसमध्ये, सगळीकडे सांगितला आहे. लोक हसतात, आणि मी नेहमी कोंबड्यांपाशी थांबते.

भासरे विहिरीवरून परत आले तेव्हा त्यांना सगळं कळलं होतं. रागावले नाहीत. ओल्या टॉवेलवर बसून बापाला म्हणाले, "बाबा, होळीनंतर मी घ्यायला येतो." आणि सासऱ्यांनी भांडण केलं नाही. ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्या थंडीत त्यांचा खोकला वाढला. खोकला जिनातून आणलेला जुनाच होता, पण आता गोष्टीच्या मधे यायला लागला. डॉक्टर म्हणाले, ही धूळ कापसाची की काचेची, छातीला विचारून सांगता येत नाही. नवरा लोकर शोधत फिरला. बोरगावचं काम संपलं होतं, मिस्त्री भिलाईला निघून गेला होता, उरलेलं सगळं खड्ड्यात पुरलं होतं. छिंदवाड्याला दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, काचेच्या बांगड्या आहेत, देऊ? एकजण म्हणाला ही वस्तू कारखान्यांनाच मिळते, घराला कोण लावतं.

माघात एका सकाळी सासरे एकदम उठून बसले. डोळ्यांत जुनी चमक. "आपन येडे हाओ," ते म्हणाले. "वर खरी रुई भरू. कापूस. घरात काय कमी हाय? मी स्वतः पिंजतो. चार बोटं जाड. गरमीच्या बापाची ताकद नाई."

मी लगेच त्यांच्या बाजूने उभी राहिले. नवरा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"बाबा," ते म्हणाले, "खाली चूल हाय."

एवढंच. पण सासऱ्यांनी जिनात आग पाहिली होती. कापसाची गंजी कशी आतल्या आत जळत जाते, धूर येईपर्यंत कसं सगळं संपलेलं असतं, ही त्यांचीच गोष्ट होती, दुपारची, सगळ्यांना अंगावर काटा आणणारी. टिनाखाली कोरडा कापूस आणि खाली माझी चूल. ते माझ्याकडे पाहत राहिले. मग हळूच आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

"नाई," ते भिंतीला म्हणाले. "कापूस नाई चालत."

साऱ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

होळीनंतर भासरे आले. ठरलं असं की फक्त उन्हाळा काढायचा, पोळ्याला घरी. छोट्या गाडीच्या फलाटावर सगळी दुपारची मंडळी आली होती. सासऱ्यांनी खिडकीत बसून सगळ्यांकडे पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. गर्दी होती, सगळे त्यांच्याकडे पाहत होते, याहून चांगली वेळ कुठून येणार? त्यांनी तोंड उघडलं आणि खोकला आला. खोकला थांबेपर्यंत गाडी हलली होती.

ज्येष्ठात मी त्यांना भेटायला नागपूरला गेले. स्लॅबची खोली, खिडक्यांना पडदे, गारेगार. गादी विकतची, फोमची. कूलर ट्रकसारखा गरजत होता. सासरे स्वच्छ कपड्यांत बसले होते आणि जाऊबाईंना काही सांगत होते. जाऊबाई चांगल्या, त्या हसून मान हलवत होत्या, पण एक शब्द ऐकू जात नव्हता. सासरे जरा मोठ्याने बोलायला गेले की खोकला. कूलर बंद केला की भासरे धावत येत, "बंद का केला? बाबांना गरम होईल."

मी जवळ बसले तसं त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "घरी कसं हाय?"

आता मी काय सांगणार? काकू रोज दुपारी येऊन रिकाम्या बाजेकडे पाहून परत जाते? मी पदर सावरला आणि सोंग घेतलं. "इचारू नका मामाजी," मी म्हटलं. "भट्टी हाय भट्टी. पाय ठेववत नाई. कोनी येत नाई, कोनी जात नाई, सारे आपापल्या घरात मरून राहिले. तुम्ही बरे सुटले." कपाळावरचा घाम पुसला, पदराने वारा घेतला, जीभ बाहेर काढली.

त्यांनी सगळं नीट पाहिलं. मग माझ्या हातावर हात ठेवला.

"हात लय हलवून राहिली," ते म्हणाले. "खोटं सांगताना हात गप ठेवाचे."

पोळ्याच्या आधी आम्ही मधली खोली साफ केली, खिळ्यांवर डांबर लावलं, नवं बारदान लावलं. पावसाळ्यात ती खोली कोणालाही चालली असती. नवरा आणायला गेले. भासरे म्हणाले, खोकला जरा उतरू दे, गाडीत वारा लागेल, पुढच्या आठवड्यात मीच घेऊन येतो. त्यांच्या म्हणण्यात काही चूक नव्हती. नवरा एकटे परत आले. पुढचा आठवडा पुरा व्हायच्या आत निरोप आला, आणि आम्ही छोट्या गाडीने गेलो ते स्मशानघाटावरच पोचलो.

रात्री सगळे पांगल्यावर भासरे त्या खोलीत विकतच्या गादीवर बसले होते. अगदी काठावर नाही, पहिल्यांदाच मधोमध, पाय वर घेऊन. त्या हंगामात कूलरची गरज नव्हती, तो बंद होता, आणि खोली इतकी शांत होती की शेजारच्यांचा रेडिओ ऐकू येत होता.

"मी त्यांना गरम होऊ दिलं नाही," ते मला म्हणाले. "एक दिवस नाही."

"हो भाऊजी," मी म्हटलं. "नाई होऊ दिलं."

त्यांनी बंद कूलरकडे पाहिलं. मग म्हणाले, "रोज दुपारी काहीतरी सांगत बसायचे. तिलाही, मलाही. हात करून, तोंड करून. आम्हाला आवाजात काही कळायचं नाही, आम्ही नुसतं हो हो करायचो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या चेहऱ्यात मला पहिल्यांदा सासऱ्यांचा चेहरा दिसला. "तुला त्यांच्या साऱ्या गोष्टी पाठ आहेत. काय सांगत होते गं ते?"

मला तोंडपाठ होत्या. जिनातल्या, दंडारीतल्या, नदीतल्या. पण ते विचारत होते त्या गोष्टी त्या नव्हत्या. त्या उन्हाळ्यात त्यांनी काय सांगितलं, नवं काही रचलं का, जुनंच लांबवलं, कुठे थांबले, कुठे हसू यायला हवं होतं, ते या खोलीत बोललं गेलं होतं.

"ते मी कुठून सांगू भाऊजी," मी म्हटलं. "तेव्हा ते तुमच्याजवळ होते."